१६ जीबीची एकच रॅम घ्यावी की ८ जीबीच्या दोन? कमी बजेटच्या गेमिंग पीसीबद्दल माझे उत्तर

आपण विचारले आहे की, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासाठी पंचावन्न हजारांच्या आत गेमिंगचा संगणक असेंबल करून घ्यायचा आहे. मॉनिटर घरी आहे. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि डीडीआर४ प्रकारची १६ जीबीची एकच रॅम आहे, आणि ग्राफिक्स कार्ड ‘पुढे कधीतरी’ घेता येईल असे तो म्हणतो. मुलगा मुख्यतः व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळणार आहे. हे कोटेशन चुकीचे नाही, परंतु रॅमची ओळ मात्र बदलून घ्या: १६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक, शक्यतो एकाच खोक्यात जोडी म्हणून विकल्या जाणाऱ्या.

याचे कारण असे की, आपल्या मदरबोर्डवर प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये दोन स्वतंत्र मार्ग असतात, ज्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक मार्ग ६४ बिटचा असतो आणि ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमवर त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. एकच स्टिक लावली तर दुसरा मार्ग रिकामा राहतो. दोन लावल्या की ही क्षमता ५१.२ वर जाते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात ही उणीव काही अंशी झाकली जाते, कारण कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. ५६००जी मधील व्हेगा ग्राफिक्सला मात्र स्वतःची मेमरी नाही. ते प्रोसेसरच्याच रॅममधून वाटा घेते आणि त्याच मार्गावरून चित्रे रेखाटते. तुलनेसाठी सांगतो, जीटीएक्स १६५० सारख्या जुन्या, साध्या कार्डाला त्याच्या स्वतःच्या मेमरीकडून सेकंदाला १२८ गिगाबाइट मिळतात. आपल्या कोटेशनमधील संगणकाला त्याच्या एक पंचमांश मिळणार, आणि तेही प्रोसेसरबरोबर वाटून घेऊन.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. भाच्यासाठी ५६००जी घेऊनच संगणक जोडला होता आणि ‘दुसरी स्टिक दिवाळीला घेऊ’ असा विचार करून १६ जीबीची एकच बसवली. जीटीए ५ मध्ये गाडी चौकात वळली की चित्र अडखळत असे. मी चार दिवस ड्रायव्हर काढणे आणि पुन्हा टाकणे यात घालवले, विंडोजही नव्याने टाकून पाहिले. शेवटी माझ्या संगणकातून तेवढ्याच वेगाची एक स्टिक काढून त्यात लावली, तेव्हा तोच खेळ त्याच सेटिंगवर सरळ चालू लागला. त्यानंतर ती स्टिक मला परत मिळाली नाही, हे ओघाने आलेच.

पुढे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावरही दोन स्टिकचा उपयोग संपत नाही. फरक कमी होतो, आणि सरासरी फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) पाहिल्या तर तो कधी कधी दिसतही नाही. तो जाणवतो ते मध्येच येणाऱ्या अडखळण्यात. व्हॅलोरंटसारखा खेळ ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक भार टाकतो, त्यामुळे तिथे रॅमचा वेग वाया जात नाही.

दुकानदार यावर एक युक्तिवाद करील आणि तो अगदीच पोकळ नाही: मदरबोर्डला दोनच स्लॉट असतील, तर ८-८ लावून ते भरतात आणि पुढे ३२ जीबी करताना दोन्ही काढाव्या लागतात. यावर उपाय म्हणजे चार स्लॉटचा बोर्ड घेणे; बी४५० आणि बी५५० मालिकांमध्ये तसे बोर्ड मिळतात. पण तो परवडत नसला तरी माझे मत बदलत नाही. ‘आता एक, नंतर एक’ या बेतात नंतरची स्टिक त्याच कंपनीची आणि त्याच नावाची असूनही आतील चिप वेगळ्या असू शकतात, आणि मग दोन्ही मिळून छापील वेगाने चालतीलच असे नाही. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली, त्याचा हा परिणाम. अशा वेळी पुढच्या खरेदीच्या भरवशावर अर्धवट यंत्र घेणे मला पटत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर वापरलेली डीडीआर४ जोडी घेण्यात फारसा धोका नाही. रॅममध्ये झिजणारे फिरते भाग नसतात आणि मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवला की बहुतेक दोष उघड होतात.

वेग निवडताना केवळ ३२०० हा आकडा पाहू नका, त्याच्या शेजारचा सीएलचा, म्हणजे माहिती मागितल्यावर रॅम किती ठोके थांबते याचा, आकडाही पाहा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की विलंब नॅनोसेकंदात मिळतो. ३२०० सीएल१६ चा विलंब १० येतो, ३६०० सीएल१८ चाही १० च, आणि ३२०० सीएल२२ चा १३.७५. म्हणजे ३२०० सीएल१६ ची जोडी पुरेशी आहे; ३६०० थोडक्या फरकाने मिळाली तर अवश्य घ्यावी, कारण आतील ग्राफिक्सला तिचा लाभ होतो. रंगीत दिवे लागणाऱ्या रॅमसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता एक गोष्ट, जी दुकानात हमखास राहून जाते. सीएल१६ ची रॅम पहिल्यांदा चालू होते ती छापील वेगाने नव्हे, तर २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सावध वेगाने. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी, किंवा काही बोर्डांवर डीओसीपी, हा पर्याय सुरू केल्याशिवाय आपण ज्याचे पैसे दिले तो वेग मिळतच नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर स्टिक शेजारी शेजारी लावल्यास त्या एकाच चॅनेलवर जाऊ शकतात. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा हे बहुधा योग्य स्लॉट असतात, तरी बोर्डाची पुस्तिका पाहून घ्यावी. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १६०० दिसले तर घाबरू नका. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून तोच ३२०० होय.

प्रोसेसरबद्दल आपल्याला एक निर्णय आजच घ्यावा लागेल. वर्षभरात कार्ड नक्की घेणार असाल आणि आत्ता जुने एखादे कार्ड कोणाकडून तात्पुरते मिळत असेल, तर ५६००जी ऐवजी साधा ५६०० घ्यावा. त्यात ३२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आहे, ५६००जी मध्ये १६ एमबी. शिवाय ५६०० ला पीसीआय एक्स्प्रेस या, ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या ४.० आवृत्तीचा आधार आहे, तर ५६००जी ३.० वर थांबतो. कार्ड अनिश्चित असेल तर ५६००जी च योग्य, कारण ५६०० ला स्वतःचे ग्राफिक्स नाही आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही. मात्र ५६००जी सोबत पुढे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड घेऊ नका. ते या मार्गाच्या केवळ चार लेनवर (पदरांवर) चालते आणि ३.० वर त्याची चांगलीच घुसमट होते. आठ लेनचे, ८ जीबी मेमरीचे आरएक्स ६६०० त्या मानाने फार समजूतदार कार्ड आहे.

एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरचे सॉकेट) आणि डीडीआर५ या नव्या रॅमकडे या बजेटमध्ये जाऊ नये असे माझे मत आहे. ते तंत्र पुढचे आहे हे खरे, पण तिथे बोर्ड आणि रॅम मिळूनच इतका खर्च होतो की कार्डासाठी काही उरत नाही.

जी काटकसर करू नये ती एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि प्रोसेसरची उष्णता मर्यादा ६५ वॅट आहे, म्हणून ८० प्लस ब्रॉन्झ या कार्यक्षमतेच्या दर्जाचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एक एसएमपीएस माझ्याकडे जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. साठवणुकीसाठी एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) पुरे. कॅबिनेट समोरून हवा घेणारे असावे, इतकेच.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच संगणक चालू करून घ्या आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि वापरलेले स्लॉट हे दोन आकडे पाहा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी लागतात, तेही बायॉसमध्ये तिथेच सुरू करून मागा. जीएसटीच्या पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, दोन्ही स्टिकचे वेगवेगळे.