सकाळी एकही नाही, दुपारी शेकडो: खरं कुणाचं?

प्रश्न: ताई, समुद्रालगत राहणारे आम्ही शेजारी हिवाळाभर किनाऱ्यावर जे दिसेल ते एकमेकांना कळवतो. यंदा त्यावरून वाद झालाय. शेजारचे काका रोज सकाळी सातला फिरायला जातात. ते म्हणतात, गेल्या आठवड्यात चिखलात पक्षीच पक्षी होते, या आठवड्यात एकही नाही, सगळे निघून गेले. समोरच्या काकू दुपारी एकला जातात, त्यांना आत्ता शेकडो दिसतायत. काका ते मानायलाच तयार नाहीत. खरं कुणाचं? आणि अशा नोंदींचा काही उपयोग होतो का?

उत्तर: दोघांचंही खरं आहे. काकांना सांगा, पक्षी गेलेले नाहीत, पाणी सरकलंय.

तुतवार, चिखल्या, कोरल ही मंडळी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात अळ्या, शिंपले, बारीक खेकडे टिपतात. भरती चढली की खाणं थांबतं आणि सगळे कुठल्यातरी उंचवट्यावर दाटीवाटीनं, बरेचसे एका पायावर, उभे राहतात. दिवसातून दोनदा भरती येते त्या किनाऱ्यांवर तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. म्हणजे आज सातला पूर्ण ओहोटी असेल, तर आठवडाभरानं त्याच सातला भरती असते आणि ओहोटी दुपारी एकच्या सुमारास लागते. आणखी आठवड्यानं काकांनी पाहावं, सातला पुन्हा गर्दी असेल.

माझ्या वहीत म्हणूनच पहिला रकाना पाण्याचा आहे: भरती की ओहोटी, चढतंय की उतरतंय, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती). तारीख, वेळ, संख्या त्यानंतर. तुम्हीही एवढं लिहायला लागलात, तर निम्मे वाद उरणारच नाहीत. काकांचं ‘एकही नाही’सुद्धा वहीत हवं. पाण्याची स्थिती सोबत असेल, तर शून्य हीदेखील चांगली नोंद असते.

ओळखीवरूनही खटके उडत असतील. हिवाळ्यात यातले बरेचसे पक्षी करड्या-तपकिरी पिसांत असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका, चोच आणि चाल पाहा. चिखल्याची चोच आखूड. तो चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो. कोरलची चोच लांबलचक, खाली वाकलेली. आणि लाट मागे हटली की तिच्यामागे धावत जाणारा, लाट आली की तितक्याच घाईनं परत पळणारा पांढुरका लहानगा म्हणजे सँडरलिंग. त्याला मागचं बोटच नसतं. हा पक्षी मी कितीही वेळ पाहत बसू शकते!

कुणाच्या पायात रंगीत झेंडी किंवा कडी दिसली, तर रंग, कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि वाचता येतील तेवढी अक्षरं टिपा. अर्धवट असली तरी चालतील. त्यावरून पक्ष्याला कुठे कडी घातली ते शोधता येतं.

उपयोगाचं म्हणाल, तर अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी 1900 साली नाताळातली पक्षीगणना सुरू केली. ती आजही दर हिवाळ्यात होते, मोजणारे बहुतेक तुमच्या काका-काकूंसारखे हौशी लोकच असतात आणि पक्ष्यांची संख्या कशी बदलत गेली ते अभ्यासक त्या नोंदींवरून पाहतात. त्यासाठी तीच जागा, तीच पद्धत, वर्षानुवर्षं सांभाळावी लागते.

एक मात्र कळकळीनं सांगते. भरतीला थवा बसतो ती नेमकी जागा सगळीकडे कळवू नका. फोटोसाठी माणसं जवळ जातात, कुत्री धावतात, थवा उडतो. प्रत्येक उड्डाणात त्यांची साठवलेली चरबी जळते आणि परतीच्या प्रवासाला तीच लागते. 2022 साली गॉडविट नावाच्या एका किनारपक्ष्यानं अलास्का ते टास्मानिया, सुमारे 13,560 किलोमीटर, 11 दिवसांत कुठेही न उतरता पार केले. तेही वर्ष न भरलेल्या पिल्लानं.

प्रश्न: वाळूवर निपचित पडलेलं कासव मुलांनी उचलून समुद्रात सोडलं. बरोबर केलं का?

उत्तर: मुलांची तळमळ कळते, पण तसं करू नये. पाणी साधारण 10 अंशांखाली गेलं की समुद्री कासवं गारठून लुळी पडतात. आजारी, जखमी कासवंही वाळूवर येतात. अशा कासवाला पोहण्याचं, श्वासासाठी वर येण्याचं त्राण नसतं, ते बुडू शकतं. लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, वन्यजीव बचाव पथकाला लगेच फोन करा आणि ते येईपर्यंत कुणीतरी तिथेच थांबा.