रशियाचं भांडण नाटोशी नाही, शेजाऱ्यांच्या वेगळं राहण्याशी आहे

तुम्ही विचारलंय की सोव्हिएत संघ मोडला, रशिया आता महासत्ता राहिला नाही, तरी अमेरिका-युरोपशी त्याचं एवढं वाकडं का? नाटोने, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटाने, त्याला कोपऱ्यात ढकललं म्हणूनच ना? आणि भारताने जुन्या मित्राची बाजू घ्यायला नको का?

महासत्तेचं आधी उरकते. रशियाकडे पाच हजारांवर अण्वस्त्रं आहेत, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार आहे, तेल आणि वायू आहे. पण डॉलरमध्ये मोजली तर अर्थव्यवस्था इटलीच्या आसपास. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानमधल्या नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या भागातून लाखभर आर्मेनियन घरंदारं टाकून निघाले, तेव्हा तिथे नेमलेले रशियन शांतिसैनिक बघत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात आपले दोस्त अध्यक्ष असद यांची गादी वाचवता आली नाही, मॉस्कोत आसरा तेवढा देता आला. ज्या उत्तर कोरियाला एके काळी हत्यारं पुरवली, त्याच्याकडून आता तोफगोळे घ्यावे लागतात. चीनशी व्यापार २०२३ मध्ये २४० अब्ज डॉलरवर गेला, पण त्यात गरजू कोण हे उघड आहे. दुसऱ्याचं बिघडवायची ताकद रशियाकडे भरपूर आहे. आपल्या माणसाला सांभाळायची राहिलेली नाही.

लिहायला बसले ती तुमच्या 'कोपऱ्यात ढकललं' या शब्दांमुळे. हेच वाक्य मी आमच्या मामांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मामा सोलापूरच्या गिरणी कामगार चळवळीतले. त्यांच्या घरी सोव्हिएत मासिकं यायची, त्यांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं आम्ही भाचरंडं वह्यांना घालायचो. मला डॉक्टरकीसाठी सोव्हिएत संघात पाठवायचा हट्ट त्यांचाच, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. मी खारकीवला शिकले. तेव्हा आम्ही खारकोव म्हणायचो. तिथून रशियाची हद्द चाळीसेक किलोमीटरवर, बेल्गोरोदला लोकल गाडीने जाऊन यायचं. सगळं शहर रशियन बोलायचं. वर्गात, बाजारात, दवाखान्यात युक्रेनियन क्वचितच कानावर पडायची.

आमच्या होस्टेलला प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी टेबल टाकून एक बाई बसायची, देझूरनाया म्हणायचे तिला. किल्ल्या, टेलिफोन आणि कोण किती वाजता आलं याचा हिशोब तिच्याकडे. आमच्या मजल्यावरची बाई जन्माने बेल्गोरोदकडची, अस्सल रशियन. लग्न होऊन इकडे आलेली. सख्खी बहीण अजून तिकडेच. मला ताप आला की रास्पबेरीचा मुरांबा घातलेला चहा पाजायची आणि मोजे घातले नाहीत म्हणून ओरडायची.

१ डिसेंबर १९९१, रविवार. युक्रेनने स्वतंत्र व्हावं का यावर त्या दिवशी सार्वमत होतं आणि त्याच दिवशी अध्यक्षपदाचीही निवडणूक. बाई सकाळीच ठेवणीतला, केसाळ कॉलरचा कोट घालून जवळच्या शाळेत मत देऊन आल्या. आम्हा परदेशी मुलींना वाटलं, या रशियन, या कशाला फुटून निघायला हो म्हणतील? मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, हो म्हणून आले. गहू इथला, कोळसा इथला, साखर इथली, आणि रांगेतही आम्हीच. शिवाय माझा मुलगा सैन्यात जाईल तर इथे जाईल, कुणाच्या काबूलला नाही. एवढं बोलून त्या किटलीत पाणी भरायला गेल्या. त्यात कुणाचा द्वेष नव्हता, अमेरिकेचं नावही नव्हतं. बहिणीकडे जाणं-येणं सुरूच राहणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

निकाल लागला तेव्हा सबंध युक्रेनमध्ये नव्वद टक्क्यांवर लोक 'हो' म्हणाले होते. रशियन बोलणाऱ्या खारकीव प्रांतात शंभरातले ८६. बहुसंख्य रशियन वस्तीच्या क्रीमियातसुद्धा निम्म्याहून अधिक. आठवड्याभरात रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी बेलारूसमधल्या बेलोवेझच्या जंगलात बसून सोव्हिएत संघ मोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. त्यात येल्त्सिन रशियाचे अध्यक्ष होते हे लोक सोयीने विसरतात. २५ डिसेंबरला सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचोव पायउतार झाले.

पुढचा हिवाळा वाईट गेला. जानेवारीत भाव मोकळे सोडले आणि लोकांची बँकेतली पुंजी बघता बघता पाण्यात गेली. युक्रेनमध्ये नोटांऐवजी कुपनं आली, रंगीत, पातळ कागदाची. सोव्हिएत रूबल खिशात असूनही दुकानात काही मिळेना. बाईंनी लेकीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे त्यातच गेले. संध्याकाळी टेबलावर त्या कुपनांची चळत मोजायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. तरीही 'चूक केली' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

सुट्टीत घरी आल्यावर मी हे सगळं मामांना सांगितलं. मामा म्हणाले, 'देश फुटला नाही, फोडला. तुझ्या खारकोवातल्या चार बायका म्हणजे जग नव्हे.' तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. त्यांचा ठरलेला मुद्दा क्युबाचा. १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली, ती अमेरिकेने चालवून घेतली का? नाही ना? मग रशियाने आपल्या दाराशी नाटो का चालवून घ्यावं?

यावर माझं म्हणणं असं. मामा, तुम्ही तेव्हा कुणाच्या बाजूने होतात? क्युबाच्या. लहान देशाने आपला दोस्त कोण हे स्वतः ठरवावं, शेजारच्या दांडग्याने त्याला दम देऊ नये, यासाठीच तुम्ही सोलापुरात मोर्चे काढलेत. व्हिएतनामसाठीही काढलेत. क्युबाला दिलेला हक्क युक्रेनला द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही दांडग्याची अडचण का समजून घेऊ लागलात? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. दर वेळी विषय इराकवर जातो.

आता नाटोचंच बघू. रशियाने २०१४ मध्ये क्रीमिया घेतला तेव्हा युक्रेन कायद्यानेच अलिप्त होता. कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही असा कायदा त्यांच्या संसदेने २०१० मध्ये केला होता. अलिप्त राहून त्याला काय मिळालं? क्रीमिया गेला. त्याआधी १९९४ मध्ये बुडापेस्टला झालेल्या करारात त्याने आपल्याकडची सगळी अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, तेव्हा जगातला तिसरा मोठा साठा त्याच्याकडे होता. बदल्यात त्याच्या सीमांचा मान राखायच्या लेखी हमीवर अमेरिका आणि ब्रिटनसोबत रशियाचीही सही आहे. उलट फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला, रशियाला लागून त्याची तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे, आणि मॉस्कोने निषेध केला, पण हल्ला केला नाही. खरी भीती नाटोची असती तर फौजा तिकडे गेल्या असत्या.

दुखणं वेगळंच आहे. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी स्वतः लांबलचक लेख लिहून रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक असल्याचं मांडलं. युक्रेन हा निराळा देश आहे हेच त्यांच्या गळी उतरत नाही. पोलंडला, बाल्टिक देशांना हे आधीच माहीत होतं, म्हणून ते धावत नाटोत गेले. त्यांना कुणी ओढून नेलं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये खारकीववर तोफांचा मारा सुरू झाला. सालतिव्का भागातल्या ज्या इमारतींत आमच्या वर्गमैत्रिणी राहायच्या, त्यांचे मजलेच्या मजले जळाले. तिथे शिकणारी आपली मुलं तळघरांत आणि मेट्रो स्टेशनांत अडकली, महाराष्ट्रातलीही बरीच होती. माझ्या ओळखीतल्या एका घरातली मुलगीही त्यांत होती, म्हणून तिच्या आईबरोबर मी रात्र रात्र फोनवर होते. बाईंच्या लेकीचाही निरोप आला. बेल्गोरोदच्या मावशीला तिने फोन केला होता. मावशी म्हणाली, तुमच्यावर तुमचेच लोक गोळे टाकतायत, आमचे टाकणार नाहीत. सख्ख्या भाचीवर विश्वास नाही, टीव्हीवर आहे. हा निरोप मी मामांना वाचून दाखवला. ते गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाटो.

भारताचं म्हणाल तर रशियाचं तेल घ्यावं. आपल्याला परवडतं ते आपण घेतो, यात लाजण्यासारखं काही नाही. एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली, तीही गरज होती. पण १९७१ चे उपकार मधे आणू नका. तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला तो सोव्हिएत संघाने, आणि त्यात खारकीव, कीव्ह, ओडेसा सगळे होते. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमानं कीव्हच्या अंतोनोवची. डिसेंबर २०२४ मध्ये कालिनिनग्रादला आपल्या नौदलात दाखल झालेली तुशील ही युद्धनौका रशियात बांधली, पण तिची गॅस टर्बाइन युक्रेनची आहेत. आणि १९९३ मध्ये अमेरिकेने डोळे वटारल्यावर क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान आपल्याला नाकारणारा देश रशियाच होता. मैत्री आहे, पण तिचा हिशोब पूर्ण मांडा.

अमेरिका धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला न विचारता सर्बियावर बाँब टाकले, २००२ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या, रशियाशी असलेल्या करारातून अंग काढून घेतलं, २००३ मध्ये खोट्या कारणावर इराकमध्ये घुसले. बुखारेस्टच्या नाटो बैठकीत २००८ मध्ये युक्रेन-जॉर्जियाला 'कधीतरी घेऊ' असं अर्धवट आश्वासन देऊन त्यांना उघड्यावर सोडलं, हेही वाईटच. नव्वदच्या दशकात रशियन माणसाचे जे हाल झाले त्यात पाश्चात्त्य सल्लागारांचा वाटा आहे, ते हाल मी जवळून पाहिलेत. मामा यातलं काहीही काढतात तेव्हा मी एकाही मुद्द्यावर वाद घालत नाही. त्याची भरपाई खारकीवने का करायची, एवढंच विचारते.