वहाळाच्या पुराचा अंदाज

प्रश्न : आम्ही बोरिवलीत राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या जमिनीतून एक वहाळ जातो, त्यावर साकव बांधायचा आहे. नकाशावर त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ४ चौरस किलोमीटर भरते. ‘२००५ साली शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता काळजी नाही,’ असे गावकरी म्हणतात. ते मानावे का? आणि जिथे पाणी कधी मोजलेलेच नाही, तिथे अंदाज कसा बांधावा?

उत्तर : कृपया मानू नका. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी जो येण्याची शक्यता १ टक्का असते, तेवढा किंवा त्याहून मोठा पूर. तो गेल्या वर्षी येऊन गेला असला तरी यंदाची शक्यता कमी होत नाही. साकव ३० वर्षे टिकवायचा असेल, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के भरते.

जुन्या मुंबई इलाख्यातील सह्याद्रीच्या नद्यांसाठी अभियंता इंग्लिस यांचे पुराच्या कमाल प्रवाहाचे सूत्र वापरतात : पाणलोटाच्या चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाला १२४ ने गुणावे आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. आपल्या वहाळासाठी उत्तर येते सेकंदाला सुमारे १३१ घनमीटर. ही वरची मर्यादा समजावी. असा पूर किती वर्षांनी येतो, हे सूत्र सांगत नाही. ते पावसाच्या दीर्घ नोंदींवरूनच काढावे लागते, आणि तिथे अंतराने फसगत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे तालुक्याच्या गावच्या पर्जन्यमापकावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

माझा अधिक विश्वास काठावरच्या खुणांवर आहे. करंजाच्या फांद्यांत अडकलेला पेंढा, खोडावर सुकलेली गाळाची रेघ, हे पुराने स्वतः लिहून ठेवलेले माप असते. वहाळ सरळ वाहतो अशा ठिकाणी दोन्ही काठांच्या खुणा शोधा, पात्राचा आडवा छेद मोजा आणि गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने शंभरेक मीटरमधील खुणांचा उतार काढा. छेद, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून अभियंता त्या पुराचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहिले ते, मॅनिंगच्या सूत्राने काढून देईल. वृद्धांनी दाखवलेल्या खुणांवर आजच रंगाने रेघ ओढून वर्ष लिहा. पेंढा पुढच्या पावसात वाहून जाईल.