स्कोअर वाढतोय, मग हात का सुधारत नाही?

"मॅडम, दीड महिना झाला गेम आणून. रोज खेळतात, स्कोअरही वाढतोय. पण हात आहे तिथंच आहे." पॅरालिसिसच्या झटक्यानंतर घरी व्हिडिओ गेम आणणाऱ्या कुटुंबांकडून हे गाऱ्हाणं मी वारंवार ऐकते. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका निवृत्त लाइनमन. उजवा हात खांद्यातून आणि कोपरातून थोडा हलायचा, मूठ मात्र सैल. मुलानं निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेमचा संच आणून टीव्हीला जोडला, टेनिस लावून दिलं. निवड चांगली होती. बोलिंगमध्ये बोटानं बटण धरून ठेवावं लागतं. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू आपोआप धावतो, आपण कंट्रोलर हातात धरून फक्त हात फिरवायचा. काकू शेजारी बसून सांगायच्या, "अहो, उजव्या हातानं!" काका थोडा वेळ ऐकायचे, मग कंट्रोलर डाव्या हातात. रात्री मुलाचा फोन: "बाबा, आज किती पॉइंट?"

मी त्यांना माझ्यासमोर खेळायला सांगितलं. उजव्या हातानं खेळताना ते कमरेतून सगळं अंग पुढं झोकत होते. कोपर वाकलेलंच, हात अंगाबरोबर नुसता फरफटत होता. तरी अधूनमधून चेंडू लागायचा. कंट्रोलरमधल्या सेन्सरला झटका कळतो. तो कोपरातून आला की पाठीतून, हे कळत नाही. स्कोअर वाढतो आणि हात सुधारत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं काकांनी दिलं.

"डाव्या हातात का घेता, काका?"

"उजव्यानं चेंडू लागत नाही."

"नाही लागला तर?"

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं खांबावर चढलो. आता पोरगं विचारतंय, पॉइंट किती. काय सांगू त्याला?"

घरच्यांना हा आळस वाटत होता. काकांसाठी ती रोज संध्याकाळची परीक्षा होती, आणि तीही सगळ्यांसमोर. मी वर्तनाकडे बघणारी समुपदेशक आहे. कृतीनंतर लगेच माणसाच्या पदरात काय पडतं, हे मी आधी पाहते. उजवा हात वापरला की हार आणि काकूंचा उसासा. डावा वापरला की शाबासकी. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की प्रयत्न सारखे फसले की माणूस थोडाफार चालणारा हातही वापरणं सोडून देतो. या घरात गेमच ती सवय पक्की करत होता.

मग आम्ही मोजमाप बदललं. टीव्हीवर जिथं गुण दिसतात तिथं कागदाची पट्टी चिकटवली. समोर दोन वाट्या, एकीत राजमा. पॉइंट संपला, की जितक्या वेळा कोपर सरळ झालं तितके दाणे काकांनी डाव्या हातानं दुसऱ्या वाटीत टाकायचे. मोजणारे तेच. काकूंनी त्या वेळी खोलीत बसायचं नाही, पण हाकेच्या अंतरावर राहायचं. मुलाला सांगितलं, पॉइंट विचारू नका.

पहिल्याच रात्री काकांनी स्वतःहून फोन लावला. "आज बावीस."

"बावीस पॉइंट?"

"पॉइंट नाही रे. बावीस वेळा कोपर सरळ झालं."

त्यानंतर उजव्या हातानं खेळा म्हणून त्यांना कुणाला सांगावं लागलं नाही. माझ्या मते उपचार इथं सुरू झाला.

बाकीची घडी फिजिओथेरपिस्टबरोबर बसवली. चाकं नसलेली भक्कम खुर्ची, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ टेकूला. पाठ सुटली की तो फटका मोजायचा नाही. कंट्रोलर तळहाताला क्रेप बँडेजनं सैलसर बांधायचा. बोटं गार किंवा निळसर वाटली तर लगेच सोडायचं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. झटक्यानंतर खांद्याचा सांधा सैल पडतो, जोरात हिसका बसला की दुखणं मागे लागतं. प्रतिस्पर्धी सगळ्यात सोपा ठेवायचा. दिवसातून दोनदा 10 ते 15 मिनिटं; बोटं आखडायला लागली की थांबायचं. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लुकलुकणारे खेळ लावू नयेत. उभं राहून खेळणं फिजिओनं तोल तपासल्यावरच.

किनेक्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अंगाची हालचाल टिपणारा गेमचा कॅमेरा, आणू का, असंही विचारतात. त्याचं उत्पादन 2017 मध्ये बंद झालं, आता जुनाच मिळतो. तो कॅमेऱ्यानं सांधे बघतो, त्यामुळे हाताला काही धरावं लागत नाही. पण समोर सुमारे सहा फूट मोकळी जागा लागते आणि मदतीला शेजारी उभं राहिलेलं माणूसही तो खेळाडू धरतो.

महागडं यंत्र घ्यायलाच हवं, असंही नाही. कॅनडातून चाललेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निन्टेन्डो वी या त्याच कंपनीच्या जुन्या संचावर खेळणारे आणि पत्त्यांसारखे साधे खेळ खेळणारे, दोघांचे हात सारखेच सुधारले. खेळाचा फायदा आवर्तनं वाढण्यात आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32 भरल्या होत्या. मेंदूला पुन्हा शिकायला याहून कितीतरी जास्त सराव लागतो. घरी ती भर पडू शकते. फिजिओकडे जाणं मात्र चालूच ठेवायचं. बोटांची बारीक हालचाल टेनिसनं येणार नाही; त्यासाठी टेबलावर सपाट ठेवलेल्या टॅब्लेटवरचे, बोट टेकवायचे खेळ बरे.

आणि ही सगळी घडी बसवूनही माणूस दोन आठवडे कशातच रमत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर गेम बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषधोपचार होतो.