वेबपेजवरचा मजकूर वर्डमध्ये पेस्ट केला की फॉन्ट, रंग, अंतर सगळं बिघडतं. काय करावं?

कारण नुसती अक्षरं कॉपी होत नाहीत. त्यांच्यासोबत फॉन्ट, रंग, लिंक, तक्ते असं पानाचं सगळं बिऱ्हाड येतं. म्हणून कंट्रोल+व्हीऐवजी कंट्रोल+शिफ्ट+व्ही दाबा. जुन्या वर्डमध्ये ते चालत नसेल तर राइट क्लिक करून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा, किंवा मजकूर आधी नोटपॅडमध्ये टाकून तिथून उचला. (मी अजून नोटपॅडच वापरतो, जुनी खोड!) ठळक-तिरपी अक्षरं मात्र साधी होतात.

तरीही जस्टिफाय केल्यावर (म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ रेषेत आणल्यावर) काही ओळींतले शब्द विचित्र ताणले जात असतील, तर तो फॉन्टचा दोष नाही. मध्ये 'मॅन्युअल लाइन ब्रेक' (परिच्छेद न संपवता ओळ तोडणाऱ्या खुणा) बसलेले असतात. फाइंड अँड रिप्लेसमधल्या 'स्पेशल' यादीतून ते निवडा आणि त्यांच्या जागी 'पॅराग्राफ मार्क' (परिच्छेद संपल्याची खूण) घाला. 'रिप्लेस ऑल' करण्याआधी दोन-तीन ठिकाणी करून बघा.