माळ्यावरचा पीसी आणि बॅकअपचा भ्रम

छापखाने, दवाखाने, वकिलांची ऑफिसं, हाउसिंग सोसायट्या... पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे पीसी अजून कुठे कुठे तग धरून आहेत. त्यांच्याबद्दल येणाऱ्या पत्रांतली गावं बदलतात, समजूत तीच राहते: फाइली कॉपी केल्या की बॅकअप झाला. म्हणून काही उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : वडिलांचा १९९६ सालचा पीसी दहा वर्षं बंद आहे. लावून बघू का?

लगेच नको. आधी कॅबिनेट उघडा आणि हार्डडिस्कची पॉवरची वायर काढून ठेवा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) धूर सोडणार असेल तर एकटाच सोडू दे. मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची, सोल्डर केलेली बॅटरी दिसली तर ती गळून आजूबाजूचे तांब्याचे पट्टे खाते. बोर्ड रिपेअर करणाऱ्याकडून काढून घ्या. नाण्यासारखा सेल असेल तर तुम्हीच बदला. बायॉसमधली (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्राममधली) डिस्कची माहिती पुसली गेली असेल तर आकडे बहुधा डिस्कच्या लेबलवर असतात. ते घालूनही डिस्क कोरी दिसली तर फॉरमॅट करू नका, विचारा. आकड्यांची मांडणी पूर्वी वेगळी ठेवली असेल तर तसं दिसतं.

प्रश्न : नवीन लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून १.४४ एमबीच्या फ्लॉपी वाचता येतील?

हो. सव्वापाच इंची फ्लॉपी नाही.

प्रश्न : आमच्या छापखान्यात विंडोज ९५ वर पेजमेकर (पानं जुळवायचा प्रोग्राम) आणि त्या काळचे मराठी फॉन्ट आहेत. भाच्याने हार्डडिस्क काढून त्याच्या लॅपटॉपला जोडली आणि सगळ्या फाइली घेतल्या. एवढं पुरे ना?

नाही. आणि भाच्याला म्हणावं, पुन्हा जोडू नकोस.

तुमच्याकडे लग्नपत्रिकांच्या फाइली आल्या, त्या उघडणारी व्यवस्था आली नाही. त्या काळचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताचे, नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: काना एका जागी, अर्धा त दुसऱ्या जागी. नेमका तो फॉन्ट नसेल तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं येतात. फॉन्टबरोबर कीबोर्डचा ड्रायव्हर असतो, विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या (सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी असतात. ‘डॉक्युमेंट्स’ उचलून यातलं काहीच येत नाही.

दुसरं, नवीन विंडोजला डिस्क जोडली की ते तुम्हाला न विचारता तिच्यावर स्वतःचे फोल्डर लिहू शकतं, आणि डिस्क कळली नाही तर ‘फॉरमॅट करू का’ विचारतं. घाईत ‘यस’ दाबणारे मी पाहिलेत.

करायची ती इमेज. म्हणजे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, बूट रेकॉर्डसकट, अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक फाइल. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, जुनी डिस्क माउंट करू नका (फाइली बघायला उघडू नका) आणि डीडीरेस्क्यू हा डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम वापरा. तो सहज वाचता येणारा भाग आधी काढून घेतो, अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतो. कुठवर वाचलं याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवायला सांगा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून डिस्क घासावी लागत नाही. इतक्या जुन्या डिस्क आजच्या मानाने लहानच असतात. आजच्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील. पुढचे सगळे प्रयोग इमेजच्या प्रतीवर. ती प्रत ८६बॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये (जुन्या पीसीचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुरूही करता येते.

एक अडचण उरते. प्रिंटर पोर्टला लावलेला डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी) असेल तर तो इमेजमध्ये येत नाही. डोंगल आणि तो पोर्ट असलेलं मशीन जपून ठेवा.

साधारण ५०० एमबीच्या आतली डिस्क यूएसबी अडॅप्टरला बरेचदा दिसतच नाही, कारण अडॅप्टर ज्या पद्धतीने सेक्टर मागतो ती पद्धत त्या डिस्कला ठाऊक नसते. मग दुकानदार ‘मेली साहेब’ म्हणून नवी एसएसडी गळ्यात मारतो. तीच डिस्क आयडीई (जुन्या डिस्कच्या पट्टीवायरचा) पोर्ट असलेल्या जुन्या पेंटियमला थेट लावली की वाचली जाते.

हे इतकं लांबवण्याचं कारण सांगतो. एका मुद्रकाची डिस्क माझ्याकडे आली, ती आधी तीनदा स्कॅनडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम) चालवून. आत नावं गेलेल्या फाइलींचे तुकडे होते, एकापुढे एक, सीएचके नावाचे. इमेज आधी काढली असती तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. ‘दिवाळी अंकाची गर्दी संपली की बघू’ असं ते दोन वर्षं म्हणत होते.

डिस्क टकटक करत असेल तर यातलं काहीही घरी करू नका. वीज बंद करा आणि क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याला गाठा.

प्रश्न : बंद पडलेली डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं वाचलं.

फ्रीजरमध्ये मटार ठेवा. बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं.

प्रश्न : १.२ एमबीच्या ड्राइव्हवर ३६० केबीच्या फ्लॉपीत सॉफ्टवेअर लिहून जुन्या एक्सटी पीसीला दिलं, ‘रीड एरर’ येतो.

येणारच. १.२ च्या ड्राइव्हचं हेड निमरुंद असतं. जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध ते नवं लिहितं, कडांना जुनं तसंच राहतं आणि एक्सटीचं हेड दोन्ही एकदम वाचतं. कधीच फॉरमॅट न झालेली फ्लॉपी असेल तर जमून जातं. एरवी १.२ चा ड्राइव्ह वाचायला ठेवा, लिहायचं काम ३६० च्याच ड्राइव्हवर करा.

प्रश्न : डॉसच्या मशीनला सीडी नाही, नेटवर्क नाही, फ्लॉपी ड्राइव्हही गेला. प्रोग्राम चढवायचा कसा?

सीरियल पोर्टमधून. एमएस-डॉस ६ मध्ये इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर हे जोडप्रोग्राम मिळत. दुसऱ्या टोकालाही डॉसवर सुरू झालेलं, सीरियल पोर्ट असलेलं मशीन लागतं. तुमच्या मशीनवर इंटरलिंक नसेल तर तो केबलमधूनच पाठवायचीही सोय आहे. केबल नल मोडेम (दोन संगणक थेट जोडणाऱ्या) प्रकारची हवी, आणि या पाठवणीसाठी सात तारांची; तीन तारांची घेऊन ‘होत नाही’ म्हणू नका. प्रोग्राम चढवण्याआधी त्या मशीनची इमेज... वर लिहिलंय.

प्रश्न : हार्डडिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावायचं आहे. विक्रेता ६४ जीबीचं घ्या म्हणतो.

विक्रेत्याला ते खपवायचं आहे. डॉस ६.२२ दोन जीबीपेक्षा मोठं पार्टिशन करत नाही, आणि बरेचसे ४८६ पीसींचे बायॉस ५०४ एमबीपुढे मोजत नाहीत. लहान कार्ड घ्या, आणि मदरबोर्डचं नाव कळवून आधी विचारा.

प्रश्न : ‘शंभर टक्के डेटा रिकव्हरी, पैसे आगाऊ’ अशी जाहिरात आहे. द्यावी का डिस्क?

डिस्क न बघता जो शंभर टक्के म्हणतो, त्याला नाही.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो. फ्लॉपींवर पांढरे ठिपके आलेत. पुसून लावू?

ती बुरशी आहे. ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडला लागली की पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात. कोरड्या डब्यात वेगळ्या ठेवा आणि फ्लॉपी साफ करण्याची सवय असलेल्या माणसाकडे न्या. पावसाळ्याच्या आधी.