ॲव्हरेज नंतर, आधी रनिंग सांग

कराड, रविवार दुपार

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. ‘काका, पेट्रोल शंभराच्या खाली यायचं नाव घेत नाही, सगळ्यात जास्त ॲव्हरेज देणारी गाडी सांगा.’ खाली चार गाड्यांची नावं आणि चार आकडे. फोनवर एवढं टाइप करायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर लावून घे. डिप्लोमाच्या सुट्टीत गॅरेजवर यायचीस तेव्हा माझी जॉबकार्डं गिऱ्हाइकांना तूच वाचून दाखवायचीस.

तू पाठवलेले आकडे कंपनीने चाचणीवरून दिलेले आहेत. अशी चाचणी पुण्यात तुझ्या डोक्यावरच होते, वेताळ टेकडीवर, एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात, थांबवतात, पुन्हा पळवतात. एसी बंद. त्यात फसवाफसवी नाही. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लागते, म्हणून दोन गाड्या शेजारी ठेवून बघायला तो आकडा चांगला. पण त्या रोलरला खंबाटकी घाट नसतो, वाकडच्या पुलाखालचा अर्धा तास नसतो, आणि मागच्या सीटवर आईने दिलेली ज्वारीची दोन पोतीही नसतात. दुरून डोंगर साजरे. मी गॅरेजच्या अनुभवावरून त्यातला पाव हिस्सा सरळ कापतो आणि उरलेल्यावर हिशेब करतो. शिवाय आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, ते ठीक. पण इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. त्यामुळे लिटरमागची एकूण ताकद सहा-सात टक्क्यांनी उतरते, आणि जुन्या गाड्यांना ते जास्त जाणवतं.

आता मुद्द्यावर येतो. तू ॲव्हरेज विचारलंस, रनिंग, म्हणजे गाडी महिन्याला किती पळणार, ते सांगितलं नाहीस. मग मीच तुझ्या आईला फोन करून काढून घेतलं. रोज कंपनीच्या बसने चाकणला जातेस. गाडी हवी ती महिन्यातून दोनदा कराडला यायला आणि इकडेतिकडे फिरायला. पुणे-कराड एका बाजूने १६० किलोमीटर धर. दोन खेपांचे झाले ६४०. वरची किरकोळ धावपळ धरून महिन्याला ७००.

तुझ्या यादीत तीच गाडी पेट्रोलमध्येही आहे आणि सीएनजीतही, फरक ९५ हजारांचा. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. पेट्रोलवर खरे १७ पडले तर किलोमीटरला सहा रुपये अठरा पैसे. सीएनजीवर किलोमागे २५ पडले तर तीन रुपये साठ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे अडीच रुपयांच्या थोडी वर बचत. ९५ हजारांना त्याने भागलंस की ३७ हजार किलोमीटरच्या आसपास येतं. ७०० च्या रनिंगने ते अंतर कापायला तुला चार वर्षांवर लागतील, आणि तोवर डिकीत सिलिंडर बसलेला. ती ज्वारीची पोती कुठे ठेवणार? तुझा आतेभाऊ कुरिअरसाठी महिन्याला तीन हजार किलोमीटर पळतो. त्याचे पैसे साधारण वर्षभरात निघतात. त्याने सीएनजी घेतली ते शहाणपणाचंच, फक्त त्याचं बघून तू घेऊ नकोस.

हायब्रिडचंही तसंच, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी-मोटर असलेल्या गाडीचं. तंत्र मला मनापासून आवडतं. ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद बॅटरीत साठवायची आणि सिग्नलवरून निघताना वापरायची. म्हणूनच ती गाडी हायवेपेक्षा शहराच्या गर्दीत जास्त कमावते. तुझं रनिंग नेमकं उलटं आहे, जवळजवळ सगळं हायवेचं. साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा तीन लाख जादा मोजून लिटरला १४ चे २२ झाले, तरी तीन लाख वसूल व्हायला लाखावर किलोमीटर लागतात. तुझ्या वेगाने तेरा वर्षं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

इलेक्ट्रिकचं मी तुला नाही म्हणणार नाही, पण तू भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतेस. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेट, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग पॉइंट घेऊ देतात का ते विचार. घरचं चार्जिंग मिळालं तर तिचा किलोमीटरचा खर्च सगळ्यांत कमी. रोज बाहेरच्या चार्जरवर उभं राहायचं असेल तर ते गणित बदलतं, आणि डोकंही तापतं.

भाव बघून गाडी घ्यायची नाही हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. २०१२ सालची गोष्ट. मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आत. बत्तीस रुपयांचा फरक! जो तो डिझेल गाडीच्या मागे. गॅरेजवर येणारा प्रत्येकजण मलाच विचारायचा, आणि मीही छाती पुढे काढून ‘डिझेलच’ म्हणायचो. स्वतःसाठीही घेतली. सहा महिने नंबर लावून, पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त देऊन. रनिंग किती? घर ते गॅरेज चार किलोमीटर, आणि सणासुदीला ज्योतिबा. हा फरक सरकारने दाबून धरलेल्या भावामुळे होता, हे पेपरात रोज येत होतं. मी वाचतही होतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही बाजारावर सोडला आणि फरक दहा-अकरा रुपयांवर आला. पुढे २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तशी कित्येक छोटी डिझेल इंजिनं बंदच झाली. माझी गाडी मात्र दर सर्व्हिसला पेट्रोलवालीपेक्षा जास्त बिल करून जात राहिली. बिल करणारा मीच, भरणाराही मीच. तुझी काकू अजून त्या गाडीला ‘तुमची बचत’ म्हणते.

सीएनजीवाल्यांनीही असा झटका खाल्लाय. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, मुंबईत किलो ६० रुपयांवर उतरला. लोकांनी पेढे वाटले. त्याच ऑगस्टमध्ये तो ८६ वर होता. आणि पेट्रोल? त्या एप्रिलमध्ये मुंबईत १२० ओलांडून गेलं, मग मे आणि जुलैत कर कमी झाल्यावर १०६ वर आलं आणि पुढे दीड वर्षाहून जास्त तिथेच खिळून बसलं. म्हणून हिशेब एकदा आजच्या भावाने कर आणि एकदा दोन्ही इंधनांतला फरक निम्मा झाला असं धरून कर. दुसऱ्या हिशेबातही गाडी परवडत असेल तरच जादा पैसे मोज.

आता एक गोष्ट सांगतो, तिच्यासाठीच खरं तर हा कागद घेऊन बसलो. लिटरला किती किलोमीटर हा आकडा डोळ्यांना फसवतो. २० ची गाडी देऊन २५ ची घेतली आणि १० ची देऊन १५ ची घेतली, दोन्हीकडे वाढ पाचचीच दिसते. पण हजार किलोमीटरला लागणारं तेल मोज. २० ला ५० लिटर, २५ ला ४० लिटर, म्हणजे दहा लिटर वाचले. १० ला १०० लिटर, १५ ला ६७, म्हणजे तेहतीस वाचले. तिप्पट! तेल नेहमी ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं मोजावं. मी पोरांना हे खडूने शटरवर लिहून दाखवतो, तरी गिऱ्हाईक आलं की परत ‘किती देते?’

तुमच्या अंगणात १० देणारी गाडी उभी आहे. अण्णांची जीप. रोज पहाटे भाजीचे क्रेट घेऊन मार्केट यार्डात, दुपारी शेतावर, महिन्याला १५०० किलोमीटर सहज. दीडशे लिटर डिझेल. लिटर ९२ धरलं तर १३,८०० रुपये. १५ देणारी एखादी छोटी वापरलेली पिकअप घेतली तर पन्नास लिटर वाचतात, महिन्याला ४,६०० रुपये. तू स्वतःच्या गाडीचं १७ चं २२ केलंस तर ७०० किलोमीटरला नऊ-साडेनऊ लिटर, हजार रुपयेही धड नाहीत. तुझ्याकडे साठलेले जादा पैसे कुठे घालायचे ते तूच बघ. अण्णा तुझ्याकडे मागणार नाहीत, आणि जीप विकायचं मी काढलं की विषय बदलतात. तीस वर्षांची सोबत आहे ती. पण तुझं ऐकतील. मागच्या वेळी इंजिन उघडलं तेव्हा सिलिंडरच्या बोअरला काही शिल्लक नाही हे त्यांनाही दिसलंय.

तुझ्यासाठी माझं मत विचारशील तर साधी पेट्रोल, छोटं इंजिन, मॅन्युअल. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे भावातही ती अंगावर येत नाही. दोन-तीन वर्षं वापरलेली चांगली मिळाली तर आणखी बरं. सर्व्हिस रेकॉर्डचा फोटो आधी मला पाठव, टोकन नंतर दे.

आणि टोल! तेलाच्या नादात तो राहूनच जातो. तुझ्या वाटेवर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तीन नाके. येऊन-जाऊन सहा वेळा, महिन्याला बारा, वर्षाला १४४. ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वर्षाचा पास निघालाय, निघाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० वेळा. म्हणजे नाक्याला एकवीस रुपयांच्या आसपास पडतं. गाडी दारात आली की पहिल्याच दिवशी काढ.

बाकी तुला ठाऊकच आहे. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. हायवेला ११० ऐवजी ८५-९० ठेव, वेग वाढतो त्यापेक्षा वाऱ्याचा अडथळा कितीतरी जास्त वाढतो. तेलाच्या पाइपवर चुंबक लावून ॲव्हरेज वाढवणारे विक्रेते भाव चढले की अळंब्यांसारखे उगवतात. दोघांना मी चहा पाजून परत पाठवलंय.

टाकी फुल कर, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच, वरून गळ्यापर्यंत भरायचं नाही. तीनशे-चारशे किलोमीटर पळव, त्याच पंपावर पुन्हा तशीच भर, लागलेले लिटर लिहून ठेव. पहिल्या पाच टाक्यांची डायरी मला हवी आहे. घेऊन येशील तेव्हा तासवडे ओलांडल्यावर फोन कर, चहा टाकायला सांगतो. आणि अण्णांशी बोललीस की मला आधी कळव, तोवर मी जीपचं गिऱ्हाईक बघून ठेवत नाही.

तुझा,
गॅरेजवाला काका